मागच्या बाकावरच्या बाई



पिंपळे गुरवच्या बसथांब्यावर सकाळी उभं राहिलं, की वर्षातले काही आठवडे एक दृश्य हमखास दिसतं. कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आणि त्यांच्यात एकसारख्या साड्या नेसलेल्या दोन-तीन मुली. काखेत गुंडाळलेले तक्ते, हातात वही. साडीची सवय नाही हे चालण्यावरूनच कळतं. त्यातली एखादी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असते. एकदा शेजारच्या आजींनी अशाच एकीला विचारलं, "बाळा, परीक्षा आहे का गं?" ती म्हणाली, "नाही आजी, पाठ आहे." आजींना वाटलं, पोथीचा पाठ. त्यांनी हात जोडले.

हा पोथीचा पाठ नव्हे, सराव पाठ. डी.एड. किंवा आता ज्याला डी.एल.एड. म्हणतात ते शिकणाऱ्या मुलीला, म्हणजे छात्राध्यापिकेला, खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गावर जाऊन एक तास शिकवावं लागतं. आदल्या रात्री पाठाचं टाचण काढायचं: कशासाठी शिकवायचं, सुरुवात कशी करायची, कोणते प्रश्न विचारायचे, फळ्यावर काय लिहायचं. मागच्या बाकावर तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक बाई बसतात आणि वहीत लिहीत राहतात. चाळीस मुलं पुढे, बाई मागे, आणि मधे ही. बचत गटाच्या पहिल्या बैठकीत आपलं नाव सांगताना घसा कसा कोरडा पडतो ते तुम्हाला आठवत असेल, तर त्या मुलीचं काय होत असेल हे मी वेगळं सांगायला नको.

आज मला या पाठाचीच गोष्ट सांगायची आहे. शिक्षिका होण्याआधी मुलीला वर्गापुढे उभं करायचं, चुकू द्यायचं आणि पुन्हा उभं करायचं, ही पद्धत आपल्याकडे आली कुठून? आणि मागच्या बाकावर कोण बसतं, यावर इतकं का अवलंबून असतं?

जुन्या गावठी शाळेत पंतोजी एकटेच असत. ओसरीत नाहीतर देवळात पोरं बसायची, धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. एकट्याने सगळ्यांना सांभाळणं जमायचं नाही, म्हणून मोठा मुलगा लहानांना शिकवायचा. शिकता शिकता शिकवायचं. अशीच रीत दक्षिणेकडेही होती. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबांनी ती पाहिली आणि तिकडे विलायतेत नेली. तिथे ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. म्हणजे शिकाऊ पोराच्या हाती वर्ग देण्याची ही युक्ती आपल्याच ओसरीवरून साहेबाच्या देशात गेलेली. फक्त त्या ओसरीवर मुली नव्हत्या.

मुली आल्या त्या १८४८ मध्ये, पुण्याच्या भिडे वाड्यात. ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई, जन्म ३ जानेवारी १८३१, म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा वय सतरा. अंगावर शेण-माती झेलत त्या शाळेत जायच्या आणि सोबत दुसरं लुगडं ठेवायच्या, हे आपण दर वर्षी जयंतीला ऐकतो. पण त्यांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं, हे त्यामानाने कमी सांगितलं जातं. घरी जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं. नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. नगरच्या या सिंथिया फरार अमेरिकन मिशनच्या. १८२७ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, पुढे नगरला गेल्या आणि मुलींच्या शाळा चालवता चालवता त्यांचं आयुष्य इथेच सरलं.

नॉर्मल स्कूल हे नाव ऐकून हसू येतं. बाकीच्या शाळा काय ॲबनॉर्मल होत्या? पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे नमुन्याची, कित्त्याची शाळा. अक्षराला जसा कित्ता, तसा शिकवण्याला कित्ता. आधी चांगलं शिकवलेलं पाहायचं, मग स्वतः गिरवायचं.

मला सावित्रीबाईंचं मोठेपण इथे फार जाणवतं. त्यांना गिरवायला दोन परदेशी बायकांचा कित्ता होता, पण आपल्या भाषेत, आपल्या रीतिरिवाजांत वाढलेली, लुगडं नेसून फळ्यापुढे उभी राहिलेली बाई त्यांनी कुठे पाहिली असणार? त्यांच्या मागच्या बाकावर बसणार तरी कोण होतं? रस्त्यावर दगड घेतलेले लोक होते, घरी जोतीराव होते. एवढ्या भांडवलावर त्या वर्गात गेल्या. त्यांचे पाठ कसे होत असतील याचा अंदाज त्यांच्या विद्यार्थिनींवरून येतो. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. ज्या वर्गात मुलीला असं विचारायची आणि लिहायची हिंमत येते, त्या वर्गाच्या बाई स्वतः घाबरलेल्या असतील का?

पण प्रत्येक गावाला सावित्रीबाई मिळत नाहीत. मुलींच्या शाळा वाढवायच्या तर शिक्षिका हव्यात, आणि शिक्षिका हव्यात तर त्या आधी शिकलेल्या हव्यात. हा गुंता सुटेना. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर नावाच्या इंग्रज समाजसेविका हिंदुस्थानात आल्या. स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या शाळा काढा, असा लकडा त्यांनी सरकारमागे लावला. १८७० मध्ये पुण्याला बायकांचं ट्रेनिंग कॉलेज निघालं.

तिथे शिकायला कोण आलं? अविवाहित मुलगी येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या काळी दहा-बारा वर्षांची मुलगी सासरी गेलेली असायची. आल्या त्या शिक्षकांच्या बायका आणि विधवा. शिक्षकाची बायको शिकली तर दोघांना एकाच गावी नेमता येई, घर मोडत नसे, हा सरकारी हिशोब. विधवांचा हिशोब वेगळा. माजघराच्या कोपऱ्यात बसून धान्य निवडायचं, की ट्रेनिंगला जाऊन महिन्याला चार रुपये स्वतःचे मिळवायचे? ज्या बाईने घरात पुरुषमाणसासमोर मान वर केली नाही, तिला आता वर्गापुढे उभं राहून मोठ्याने बोलायचं होतं. पुस्तक वाचून हे येत नाही. त्यासाठी ट्रेनिंग कॉलेजला जोडून सरावाची शाळा असायची. मुली गावातल्याच, वर्ग खरा. एक बाई शिकवायची, बाकीच्या मागे बसून पाहायच्या, आणि तास संपला की चर्चा.

या सगळ्यात जोतीरावांनी एक वेगळाच मुद्दा मांडला होता. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकांविषयी पुष्कळ आहे: शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. आणि शिक्षक शेतकरी समाजातला असावा, जो गावकऱ्यांत मिसळेल आणि ज्याला नांगराला हात लावायची लाज वाटणार नाही. मला वाटतं, शिकवणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं एक मूळ यात आहे. समोरची मुलं माझीच आहेत असं वाटलं, की अर्धी भीती तिथेच जाते.

आता मला तुम्हाला आपल्या जवळच्या एका बाईंकडे न्यायचं आहे. आपल्या चिंचवडच्या मंगलमूर्तींची पालखी भाद्रपदात आणि माघात मोरगावला जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच मोरगावात १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत कुंकू पुसलं गेलं. त्या काळी अशा मुलीचं पुढे काय व्हायचं ते सांगायला नको. पण अनुताई शिकल्या. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत केंद्रात पहिल्या आल्या. सातवीच्या या 'फायनल'ला तेव्हा केवढा मान! ती पास झालेला माणूस मास्तर होऊ शकत असे. मग पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ मध्ये त्यांनी शिक्षकी सर्टिफिकेट मिळवलं. तिथेही पहिला नंबर.

नंतर नाशिक जिल्ह्यात चांदवडला चार वर्षं, आणि १९३३ पासून पुण्यात हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळवली ती १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आपल्या गटातल्या ज्या बायका म्हणतात ना, "आता आमचं काय शिकायचं वय राहिलंय", त्यांच्यासाठी ही तारीख मी मुद्दाम सांगितली.

१९४५ मध्ये मुंबईजवळ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं. तिथे अनुताईंची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. ताराबाईंनी १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं आणि माँटेसोरीबाईंची पद्धत आपल्या मातीत रुजवली होती. पण हे सगळं शहरातल्या, सुखवस्तू घरच्या मुलांसाठी, ही टोचणी त्यांच्या मनाला होती. त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला डहाणू तालुक्यात, समुद्राकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, आणि अनुताई त्यांच्यासोबत गेल्या. डहाणू-तलासरीकडे वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, तेही हेच वर्ष. त्या भागातल्या मुलांसाठी या दोघी बालवाडी मांडून बसल्या.

आणि मुलं आलीच नाहीत. आमच्या वस्तीतून तिथवर कोण आणून सोडणार? थोरली पोर धाकट्याला सांभाळणार, पोरगा गुरं राखणार. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. तीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज तुमच्या गावच्या सेविकाताई ज्या नावाने ओळखल्या जातात, ते नाव त्या अंगणातलं आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या अंगणात एक मोठी उलथापालथ झाली. ट्रेनिंग कॉलेजात मागच्या बाकावर बाई बसायच्या आणि शिकाऊ मुलीकडे पाहायच्या. माँटेसोरीबाईंची शिकवण अशी, की शिकवणारीने आधी स्वतः गप्प बसून मुलाकडे पाहावं. ते कशाला हात लावतं, कुठे रमतं, कशाने दचकतं. म्हणजे पाहायचं कुणाकडे, तेच बदललं. जी मुलगी वर्गात 'सगळे माझ्याकडे बघतायत' म्हणून थरथरते, तिला सांगितलं, तू त्यांच्याकडे बघ. हे साधं वाटतं, पण करून पाहा. दुसऱ्याकडे नीट पाहू लागलं की स्वतःचे हात कापतायत हे विसरायला होतं.

शिवाय डोळ्यांपुढे आणा, अंगणात मागचा बाक कुठला? कोंबड्या फिरतायत, चुलीवर काहीतरी रटरटतंय, एखादी आजी दारात बसून बघतेय. बालसेविका होऊ पाहणाऱ्या मुलीने मुलांचे हात-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, मग शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी मोजायला शिकवायचं. साधनं विकतची नाहीत. पाठ चुकला तर आजी खुदकन हसणार आणि कुणीतरी चहा विचारणार. लाल शाईचा धाक तिथे चालत नव्हता.

पुढे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी झाली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

दरम्यान शहाण्या लोकांनी सराव पाठाचं शास्त्रही पुष्कळ वाढवलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतर निघालेलं सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे सत्तरच्या दशकात आलं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चर्चा, बारा मिनिटांत पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा तेच शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा चर्चा. एकूण छत्तीस मिनिटं, आणि तेवढ्यात एकच कौशल्य, म्हणजे फक्त प्रश्न विचारणं किंवा फक्त फळ्यावर लिहिणं. यात मला आवडतं ते 'पुन्हा'. तीच गोष्ट लगेच दुसऱ्यांदा करायची मुभा! स्वयंपाकात आपण तेच करतो, पहिली भाकरी फाटली तर दुसरी थापतो. एकच अडचण. यात विद्यार्थी म्हणून मैत्रिणीच बसतात. त्या तिसरीतली मुलं असल्याचं नाटक करतात, पण तिसरीतलं मूल जे विचारतं ते त्यांना कधीच सुचत नाही.

आता एक कबुली. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि मागच्या बाकावरही बसले. एका वर्षी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली एक मुलगी आमच्या शाळेत पाठाला होती. दुसरीचा वर्ग, विषय वजाबाकी, हातच्याची. तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना. तिने फळ्यावर लिहिलं ते मुलांकडे पाठ करून, आणि मग आपणच लिहिलेल्या उदाहरणात चुकली. मी तिच्या वहीत अकरा मुद्दे लिहिले. सगळे खरे होते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

तिच्या मैत्रिणीकडून निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं. वही पुन्हा मागितली. अकराही मुद्दे खोडले आणि फक्त एक लिहिला: "उद्या बोलताना शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघ." मी माझी नेहमीची जागा सोडली आणि खिडकीशी मुलांमध्ये खाली बसले.

आमच्या वर्गात तेव्हा लातूरची मुलं होती, जळगावची होती, दोघंतिघं बिहारची होती. पिंपळे गुरव हे पवनाकाठचं शेतीचं गाव होतं, आता इमारतींचं झालंय, आणि कारखान्यांच्या मागे जिथून जिथून माणसं आली, तिथली भाषा आमच्या बाकांवर बसते. हातचा म्हणजे काय, हे बिहारच्या मुलाला कळेना. ती मुलगी थांबली. मला वाटलं, आता संपलं. पण तिने त्याला पुढे बोलावलं. त्याच्या हातात दहा-दहाच्या दोन नोटा आणि दोन सुटे रुपये दिले, स्वतः दुकानदार झाली आणि म्हणाली, "मला सात रुपये दे. सुटे दोनच आहेत ना? मग आता काय करशील?" तो म्हणाला, "नोट तोडनी पडेगी, टीचर." दहाची एक नोट मोडून तिने सुटे दिले. बारा सुट्यांतले सात त्याने तिला मोजून दिले. उरले पाच, आणि एक नोट. सगळा वर्ग ओरडला, "पंधरा!" तिच्या टाचणात हे कुठेच नव्हतं. आईबरोबर आठवडे बाजारात भाजी विकायला बसायची ती, हे नंतर कळलं.

त्या दिवशी तिचा आवाज खिडकीपर्यंत आला. मी वहीत काही लिहिलं नाही. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, उद्या भागाकार घेऊ का? माझ्याकडे त्यालाही बाजार आहे."

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या मुली बसथांब्यावर दिसतील. तुमच्याही गावच्या शाळेत कुणी ना कुणी पाठाला येत असेल, आणि तुमच्यातल्या काही जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्या मुलीला पाणी विचारा. आणि वर्गाच्या दारातून डोकावून पाहिलंत, तर हसून पाहा.